ज्याचा कागद त्याला

कोगुता किनारा
३ फेब्रुवारी

बाळा,

डब्यात वर ओमेना आहे, खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत हे पत्र. सूनबाईला, वाकेशोला, सांग, मासळीला आधी ऊन दाखव आणि मग तळ, नाहीतर कडवट लागते. पत्र आपल्या लुओ भाषेत आहे, ते तिला वाचता यायचं नाही. तरीही वर नाव लिहिलेलं नाही. लिहू तरी कुठलं? डब्यावरचं लिहिलं तर मला लाज वाटते, खरं लिहिलं तर तुझी नोकरी जाते.

फोनवर काही बोलता येत नाही. तू फोन स्पीकरवर टाकतोस. मागे बायको असते, बाळ असतं, एखादी शेजारीण असते. मग मी आपली मोम्बासाच्या उकाड्याची चौकशी करते आणि ठेवून देते.

काल तुझं भाषण ऐकलं. रिस्पाच्या दुकानात रेडिओ लागला होता, आम्ही बाहेर मासळी निवडत होतो. निवेदक म्हणाला, शिक्षण आयोगाचे सदस्य, अभियंता ओचोला ओमुगा. तू म्हणालास, या देशाने मुलांना कागद मिळवायला शिकवलं, काम करायला शिकवलं नाही. यापुढे ज्याच्या हातात काम आहे त्याला पदवीवाल्याच्या शेजारी खुर्ची मिळेल. शाळेत न टिकलेल्या सुताराची, गवंड्याची परीक्षा त्याच्या कामावरच घेऊ आणि त्याला सरकारी दाखला देऊ. बायकांनी सुपं खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. ओचोलाच्या आई, आज चहा तुमच्याकडून, म्हणाल्या. पाजला मी सगळ्यांना.

चांगलं बोललास. बोलायला तू लहानपणापासून हुशार. पण नाव ओचोलाचं होतं आणि आवाज तुझा. ओचोला सरोवरात आहे आणि तुला, ओवितीला, सगळ्या गावाने रडून पुरलंय. मी चहा कपाबाहेरच ओतत राहिले, शेवटी रिस्पाने किटली काढून घेतली.

पदवी म्हणजे शेवटी एक कागद, असं तू पुन्हा पुन्हा म्हणत होतास. नुसता कागदच असेल तर ज्याचा आहे त्याला परत दे.

तुझी आई


२४ फेब्रुवारी

बाळा,

लोक आईचा डबा परत पाठवताना त्यात काहीतरी गोड घालतात. तू चिठ्ठी घातलीस. आई, असलं लिहू नकोस, वाचून जाळ, त्या वेळी दुसरा मार्ग नव्हता.

चिठ्ठी जाळली. पण मार्ग नव्हता हे वाक्य तुझं नाही, तुझ्या ओबिएरो काकाचं आहे. तुझ्या बापाचा तो धाकटा भाऊ, पण घरात आवाज कायम त्याचाच. त्या दिवशीसुद्धा त्याचाच होता. होडी उलटली, तू पोहत पलीकडच्या काठाला आत्याच्या घरी लागलास, ओचोला लागला नाही. होडी वाऱ्याने उलटली, तुझ्या फळ्यांनी नाही, हे मी तेव्हाही म्हणाले होते आणि आजही म्हणते. ओचोलाच्या पेटीत मोम्बासाच्या नोकरीचं पत्र येऊन पडलं होतं आणि त्याखाली पदवी. त्या पदवीपायी काकाच्या गोठ्यातले बैल गेले होते, आत्याचं शेत गेलं होतं.

आणि तुझ्याकडे काय होतं? या किनाऱ्यावर चालणाऱ्या निम्म्या होड्या तुझ्या हातच्या, पण शाळेच्या शेवटच्या परीक्षेत तू नापास. तुमच्या वेळी सुतारकामाचीसुद्धा परीक्षा लेखी. रंध्याची आकृती काढा आणि भागांना नावे द्या. शाळेत रंधा नव्हताच, मास्तर फळ्यावर काढून दाखवायचे. तू घरी बापाचा रंधा चालवायचास आणि तिथे त्याच्या भागांची नावं विसरून आलास. त्यानंतर तुला कुठल्या कचेरीने दारात उभं केलं नाही.

काका म्हणाला, जो गेला त्याला नोकरी आहे, जो राहिला त्याला काही नाही. देवाची चूक झाली, आपण दुरुस्त करू. तोंडावळा तुम्हा दोघांचा सारखाच. आत्याच्या घरातूनच तुझ्या पायात ओचोलाचे बूट चढवले आणि तुला बसमध्ये बसवलं. इकडे ओवितीच्या नावाने रडणं सुरू झालं. मला कोणी विचारलं नाही. मी रडत होते, आणि रडणाऱ्या आईला कोण विचारतो, कोणासाठी रडतेस म्हणून?

सरोवराने देह परत दिला नाही की आपण त्याच्या जागी यागोचं फळ पुरतो. काकाने झाडावरचं मोठ्या दुधीएवढं फळ काढून आणलं, माणसाला गुंडाळतात तसं गुंडाळलं आणि क्रूसावर तुझं नाव घातलं. तेव्हापासून तू या घराच्या फाटकातून आत येऊ शकत नाहीस. पुरलेला माणूस फाटकातून आला तर घरातल्या कोणाला तरी त्याची जागा भरावी लागते, असं म्हातारे मानतात आणि मीही मानते. पण बापाच्या मयताला थोरला मुलगा ओचोला का आला नाही, हे मला गावाला सांगावं लागलं. मोम्बासाहून नुसती शवपेटी आली. पेटी देखणी होती. तुझ्या हातची नव्हती, मी कडांवरून बोट फिरवून पाहिलं.

आता वाकेशोचं. परवा तू घरी नसताना तिने फोन केला. म्हणाली, "आई, बाळ सारखं रडतंय, डॉक्टरला काही सापडत नाही. आणि माझा डोळा लागला की एक माणूस दिसतो. तोंडावळा तुमच्या मुलासारखाच, पण तो नव्हे. दारात उभा असतो, अंगावरून पाणी गळत असतं. मी ये म्हटलं तरी आत येत नाही. कोण असेल हो तो?"

तिचं माहेर तैता डोंगरातलं, तिला आपल्या सरोवराचं काय ठाऊक. मी म्हटलं, दमली आहेस, गरम लापशी पी.

तो कोण ते मला कळलं आणि तुलाही कळलंय. तो नाव मागतोय. आपल्यात मेलेला माणूस बाळाला रडवतो ते आपलं नाव बाळाला मिळावं म्हणूनच. पण त्याचं नाव मोकळं कुठे आहे? ते तू अंगात घालून आयोगाच्या बैठकांना जातोस.

आणि एक गोष्ट लिहिते, हसू नकोस. मला वाईट वाटलं. परक्या डोंगरातल्या पोरीला तो दिसतो आणि माझ्या स्वप्नात अजून एकदाही आला नाही. मी दाराकडे तोंड करून झोपते.

तुझी आई


१७ मार्च

बाळा,

त्या दिवशी फोनवर मी नाव घेतलं नाही म्हणून तू मनात माझे आभार मानले असशील. मानू नकोस.

वाकेशोनेच धाडस केलं. तिला कोणा लुओ बाईने सांगितलं की नावं पुकारायची असतात, बाळ ज्या नावाला गप्प होईल ते ठेवायचं. तिने फोन बाळाच्या कानाशी धरला आणि मी इथे अंगणात उभी राहून आपल्या मेलेल्यांना हाका मारल्या. ओमुगा म्हटलं, तुझ्या बापाचं. तेच ठेवू, असं तू म्हणाला होतास. बाळ रडतच होतं. तुझ्या आजोबांचं घेतलं, पणजोबांचं घेतलं, माझ्या माहेरच्या म्हाताऱ्यांचीही घेतली. माझा घसा सुकला. मग एकच नाव राहिलं. ते माझ्या जिभेवर होतं, आणि फोनच्या पलीकडे कुठेतरी तू उभा होतास. तुझा श्वास मला ऐकू येत होता. मी म्हटलं, नेटवर्क गेलं वाटतं, आणि फोन बंद केला.

नंतर त्या बाळाची मला इतकी दया आली. त्याच्या बापाचं खोटं सांभाळायला आजीने त्याला रडत ठेवलं.

तुझ्या नावाची गोष्ट तुला लहानपणी फार आवडायची. ओचोलानंतरची, तुझ्याआधीची दोन बाळं माझ्या मांडीवर गेली. म्हणून तू जन्मलास तसं तुला उकिरड्यावर नेऊन ठेवलं, की मरणाने पाहिलं तर म्हणावं, हे तर टाकून दिलेलं पोर, ह्याला कशाला न्यायचं. रिस्पा ठरल्याप्रमाणे तिथून आली, कोणाचं गं हे म्हणाली, तुला उचललं आणि मला आणून दिलं. टाकलेला म्हणून ओविती. तुला वाचवण्यासाठी ठेवलेलं नाव आहे ते, आणि तू ते क्रूसावर सोडून गेलास. काल मी गवत काढायला गेले तर रंग उडून गेला होता. वाचता येत होतं तेवढं मात्र होतं.

तुझ्या आयोगाची बातमी इथे तुझ्याआधी पोचली. पहिली कौशल्य परीक्षा आपल्या किनाऱ्यावर होणार, होड्या बांधणाऱ्यांची, कारण हे ओचोला साहेबांचं गाव. तू येऊन फीत कापायचीस म्हणे. शाळेच्या भिंतीला रंग लागलाय. पोरं स्वागताचं गाणं बसवताहेत, त्यात तुझं नाव येतं, म्हणजे त्याचं.

काय करणार आहेस?

तुझी आई


९ एप्रिल

बाळा,

तू आजारी पडणार आहेस हे आयोगाच्या माणसाकडून कळलं. परीक्षेच्या आठवड्यात ताप येणार, आणि तो आत्तापासून ठरलाय. बरं झालं, तयारीला वेळ मिळेल.

ओबिएरो काका येऊन गेला. तू त्याला कळवलंस, मला नाही. अंगणात बसला, मक्याची उगाली जेवला, मग काठी आपटून म्हणाला, "डोर्का, त्या पोराच्या नावावर या कुळातली किती पोरं शिकताहेत ते बघ. तुला एका मेलेल्याची कीव आली म्हणून जिवंतांच्या तोंडचा घास काढणार का?"

मी म्हटलं, ती पोरं काय शिकताहेत? काका म्हणाला, पदवी. मी म्हटलं, ओचोला साहेब तर रेडिओवर म्हणतात की पदवीने काही होत नाही. काका म्हणाला, ते लोकांच्या पोरांसाठी. बाळा, तुझ्या त्या सगळ्या आयोगाचं पाणी काकाने एका वाक्यात जोखलं. तू चांगलं करायला निघालास हे मला खरंच वाटतं. पण जो सांगतोय तोच दुसऱ्याच्या कागदावर बसलेला असेल तर लोकांनी काकाचं ऐकायचं की तुझं?

परीक्षेसाठी नावं घ्यायला नैरोबीहून एक बाई आल्या होत्या. परीक्षक आहेत. मी रांगेत उभी राहिले. माझ्यामागची पोरं हसत होती, आजी होडी बांधणार म्हणून. बाईंनी विचारलं, उमेदवार कोण. मी सांगितलं, ओविती, ओमुगाचा मुलगा. शिक्षण? नापास. अनुभव? किनाऱ्यावर जुन्या होड्या आहेत, त्या बघा. त्या म्हणाल्या, "ते स्वतः का आले नाहीत?"

म्हटलं, लांब असतो, येईल.

रिस्पा शेजारी उभी होती. गावात सगळ्यांना माहीत आहे की ओविती मेला. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. घरी येताना एवढंच म्हणाली, रेडिओवरचा आवाज मी कधीचा ओळखलाय, तू सांगायची वाट बघत होते.

तू आला नाहीस तर नाव पुकारलं जाईल आणि कोणी उठणार नाही, एवढंच होईल. मी कोणाला काही सांगणार नाही. तसं वचन माझ्याकडून कोणी घेतलं नव्हतं, तरी मी इतकी वर्षं पाळलंय. पण मी त्या वाळूत बसलेली असेन आणि तुझं खरं नाव मोठ्याने ऐकेन. माझ्यासाठी तेही पुष्कळ आहे.

बाळ अजून रडतं का?

तुझी आई


२ जून

माझ्या ओचोला,

तुझं नाव पत्राच्या माथ्यावर लिहिलं आणि बराच वेळ बघत बसले. हे पत्र डब्यात घालायचं नाही, बसने पाठवायचं नाही. तरी लिहिते. तुझ्या भावाला इतकी पत्रं गेली, तुला एकही नाही.

परीक्षेच्या दिवशी वाळूवर गळक्या होड्या पालथ्या घालून ठेवल्या होत्या. उमेदवाराने गळती शोधायची, बुजवायची आणि होडी पाण्यात घालून दाखवायची. आयोगाचे लोक छत्र्यांखाली, पोलीस दोन्हीकडे, काका पहिल्या रांगेत. साहेब आजारी आहेत असं जाहीर झालं. पोरांनी गाणं तरीही म्हटलं.

मग बाईंनी पुकारलं, "ओविती ओमुगा."

बायकांनी पोरांना जवळ ओढलं. माझ्याकडे कोणी पाहीना. बाईंनी पुन्हा पुकारलं, आणि सरोवराकडून आवाज आला, आहे. तो फाटकातून नाही आला, रस्त्याने नाही आला. पलीकडच्या काठावरून, जिथे तेव्हा लागला होता तिथून, भाड्याच्या होडीतून आला आणि कंबरभर पाण्यात उतरला. कोटासकट. अंगावरून पाणी गळत होतं. माणसं मागे सरकली, आणि खरं सांगते, क्षणभर मला वाटलं, तू आलास.

आयोगाचा एक माणूस पुढे झाला. म्हणाला, ओचोला साहेब, तुम्हाला तर ताप होता. तुझा भाऊ सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "मी ओचोला नाही. ओचोला माझा थोरला भाऊ, तो याच पाण्यात गेला. मी ओविती. मला पुकारलंत म्हणून आलो."

काका काठी टेकत उठला. म्हणाला, "हा पुरलेला आहे. ह्याला कोणी शिवू नका." आणि कोणी शिवलं नाही. मी त्याला बोलावून घेतलं होतं आणि मलाच त्याला हात लावायची भीती वाटली.

रिस्पा उठली. तिने कापड कमरेला घट्ट आवळलं आणि पाण्यात गेली. म्हणाली, "ह्याला मी उकिरड्यावरून उचललाय. तेव्हाही सगळे म्हणत होते जगणार नाही. सरका." त्याचा हात धरून त्याला बाहेर आणलं आणि बाईंसमोर उभं केलं. मला म्हणाली, घे गं, तुझं पोर.

बाईंनी विचारलं, काम करणार का. त्याने कोट काढला. ओचोला, त्याचे हात तुझ्या हातांसारखे झाले होते, मऊ. पहिलाच घाव अंगठ्यावर बसला, रक्त आलं, पोरं हसली. मग त्याने हत्यार खाली ठेवलं आणि फळ्यांना कान लावून बोटाने ठोकत गेला. लहानपणी तू त्याला चिडवायचास, होडीशी गप्पा मारतोस का म्हणून, तसा. त्यानंतर हात थांबले नाहीत. फटीत कापूस ठासला, डांबर भरलं, होडी पाण्यात घातली. आत बाईंना बसवलं. त्यांचे बूट कोरडे राहिले.

बाईंनी दाखला लिहिला. ओविती ओमुगा. त्याने तो दोन्ही हातांत धरला आणि कोटातून तुझी पदवी काढून आयोगाच्या माणसापुढे केली. तो माणूस हात मागे घेऊन उभा राहिला. घेतली ती पोलिसांनी. पुरावा म्हणून त्यांनी पदवीही नेली आणि दाखलाही. तुझ्या भावाच्या आयुष्यातला पहिला कागद त्याच्याकडे घटकाभरसुद्धा राहिला नाही.

आता तो जामिनावर घरी आहे. नोकरी गेली, आयोगातून काढलं. वर्तमानपत्रांनी लिहिलं की कौशल्याचं सोंग घेणारा तोतया. खटला होईल, तुरुंगही होईल कदाचित. काका आमच्याशी बोलत नाही. कुळातल्या दोन पोरांची कॉलेजं सुटली आणि त्यांच्या आया मला पाहून वाट बदलतात. त्या चुकीच्या आहेत असं मला म्हणता येत नाही. परीक्षा मात्र बंद झाली नाही. बाई पुढच्या किनाऱ्यावर गेल्या.

वाकेशो बाळाला घेऊन आली. आल्या आल्या नवऱ्याला म्हणाली, "मी लग्न कोणाशी केलं ते आधी सांग." त्याने सगळं सांगितलं. ती उठून मागे मोरीकडे गेली आणि रडली. राहील का जाईल, मला माहीत नाही. अजून आहे.

त्याला आम्ही फाटकातून आणलं नाही. मागचं कुंपण तोडून वाट केली, म्हाताऱ्यांनी पाला भिजवलेलं पाणी शिंपडलं. मग मी पेटीत उलटा ठेवलेला तुझा फोटो काढला, पदवीच्या झग्यातला. वाकेशो म्हणाली, हाच. झगा नव्हता फक्त. मी बाळाला घेतलं आणि त्याच्या कानात तुझं नाव घेतलं. ते रडत होतं, थांबलं. उचकी दिली आणि माझ्या बोटाला धरून झोपलं. मी उठलेच नाही, पाय बधिर झाले तरी.

क्रूस बदलला. ओवितीने स्वतः लाकूड तासलं, अक्षरं कोरली. फळ उकरून काढावं लागेल का असं म्हाताऱ्यांनी विचारलं, कारण ते ओवितीचा शर्ट गुंडाळून पुरलं होतं. तेव्हा मी पहिल्यांदा सांगितलं की नाही, तसं नव्हतं. काका खड्डा बघायला बाहेर गेला तेव्हा मी ओवितीचा शर्ट काढून घेतला आणि तुझा घातला, निळ्या रेघांचा, ज्याची कॉलर मी उलटवून शिवली होती. वर नाव कोणाचंही असो, आत तूच होतास. मी इतकी वर्षं तिथे गवत काढायला जायचे ती तुझ्यासाठी.

तेव्हा आता दारात उभा राहू नकोस. नाव दिलंय, कागद परत झालाय, जागा तुझी आहे. वाकेशो म्हणते, आता तो दिसत नाही. म्हणजे तू निघालास.

जा, बाळा. पण जाताना एकदा माझ्याकडे होऊन जा. मी अजून दाराकडे तोंड करूनच झोपते.

तुझी आई
डोर्का